मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णगटाचा प्राथमिक आरोग्य केंद्राशी दुवा कसा जोडावा?

तुमच्या गावात मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांचा गट दर आठवड्याला भरतो, माणसे आवडीने येतात, परंतु आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना त्याची फारशी माहिती नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः मधुमेही आहे आणि आमच्या उपकेंद्राच्या क्षेत्रात असाच एक गट चालवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

डॉक्टरांना एखाद्या बैठकीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शाल-श्रीफळ होते, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून सारे पूर्वीसारखे चालू राहते. खरा दुवा जुळतो तो महिन्याच्या गोळ्या घेण्याच्या दिवशी, कारण त्या दिवशी रुग्ण आपणहून केंद्रावर येतो, समुदाय आरोग्य अधिकारी (उपकेंद्र सांभाळणारे आरोग्य कर्मचारी) त्याचा रक्तदाब मोजतात आणि आकडा त्याच्या कार्डावर लिहितात. त्याच क्षणी त्यांनी "बुधवारी दुपारी समाजमंदिरात गट असतो, तुम्ही नक्की जा" एवढे सांगितले आणि आशाताईंनी मंगळवारी घरी जाऊन आठवण केली, तर माणूस येतो. भिंतीवर लावलेला कागद वाचून सहसा कोणी येत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांवर भर दिला गेला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. औषधासाठी दरमहा येण्याची ही घडी जिथे बसली आहे, तिथे गटाला वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.

अशा गटांची जी पद्धत जगभर पसरली, ती केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली: ६ आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि चालवणारे दोघे प्रशिक्षित, ज्यांत स्वतः दीर्घकालीन आजार असलेली सामान्य माणसेही असतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००२ मध्ये त्याच धर्तीवर कार्यक्रम सुरू केला, तेव्हा स्थानिक डॉक्टरांना त्यात गुंतवणे हीच अवघड बाजू ठरली. त्यामुळे तुमची अडचण केवळ तुमच्या गावाची नाही.

या पद्धतीचा गाभा म्हणजे आठवड्याचा संकल्प. "मी व्यायाम करीन" असे म्हणून चालत नाही. "रात्री जेवणानंतर २० मिनिटे, आठवड्यातून चार दिवस चालेन" असे सांगावे लागते, आणि ते जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती, हेही. आकडा ७ च्या खाली आला तर संकल्प लहान करायचा. आमच्याकडे हा संकल्प रुग्ण आपल्या कार्डाच्या मागे एका ओळीत लिहून नेतो. डॉक्टरांना ती ओळ वाचायला क्षणभर पुरतो, पण "चालणे जमले का?" असे त्यांनी विचारले की गटातल्या गोष्टीला वजन येते.

उलट दिशेने, म्हणजे डॉक्टरांकडून गटाकडे, काय यायला हवे, हे नवरात्राच्या तोंडावर चांगले समजते. आमच्या गटातल्या अनेक स्त्रिया नऊ दिवस उपवास करतात आणि त्यांतल्या काही जणी ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेतात. पोटात अन्न कमी आणि ही गोळी नेहमीप्रमाणे, असे झाले की साखर एकदम उतरू शकते: घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली तर साखर चढते. खाण्याचे प्रमाण, जवळ साखर ठेवणे, लक्षणे ओळखणे हे आम्ही गटात बोलू शकतो; गोळी कमी करावी की बंद ठेवावी हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तो आम्ही घेऊही नये. म्हणून घटस्थापनेच्या आधीच्या औषधवाटपालाच उपवास करणाऱ्यांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देतो आणि प्रत्येकीला डोसाबद्दल वेगळी सूचना लिहून घेतो. याच रीतीने पायाची जखम, छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे या गोष्टींची गटात चर्चा न करता थेट केंद्रावर पाठवायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे. डॉक्टरांचा विश्वास बहुतेक याच शिस्तीमुळे बसतो.

एक व्यावहारिक बाब राहिली. वैद्यकीय अधिकारी बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर तोंडी ठरलेले सारे जाते. उपकेंद्राच्या स्तरावर जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात. गटाचा वार, जागा आणि कार्डावरील संकल्पाची ओळ या तीन गोष्टी समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. नवे डॉक्टर रुजू झाले की पहिल्या आठवड्यातच त्या पानाची प्रत आणि दोन-तीन रुग्णांची कार्डे घेऊन त्यांना भेटा.