चहात जायचं तर आधी गाव ठरवा

पत्र : मुलगी वाळपईत बारावी सायन्सला आहे. बीएससी ॲग्री करून चहाच्या धंद्यात जायचं म्हणते. आमच्या सत्तरीत पाऊस उदंड, माती तांबडी, मग इथंच चहा का होत नाही? शिकायला थेट आसामला धाडावं का? – एक पालक, सत्तरी (गोवा)

नमस्कार,

पहिला प्रश्न आधी घेतो, दुसऱ्याचं उत्तर त्यातच दडलंय. मातीचं फारसं अडत नाही. चहाला साडेचार ते साडेपाच पीएचची आम्लधर्मी जमीन लागते आणि जांभ्याची जमीन आम्लधर्मीच असते. अडतं ते पावसाच्या वाटपावर. सत्तरीत तो जून ते सप्टेंबर कोसळतो आणि पुढे मेपर्यंत कोरडं ऊन. आसामात मार्च-एप्रिललाच सरी सुरू होतात, निलगिरीला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात. झुडूप इथंही जगेल, पण दर आठ-दहा दिवसांनी खुडायला नवा कोंब देणार नाही, आणि सगळा धंदा त्या कोंबावर.

शिवाय चहाला दम धरवत नाही. खुडलेली पानं पोत्यात दाबून ठेवली की आतून तापतात, लाल पडतात, मग कितीही चांगला कारखाना असो, चहा बेचव. काजूची बोंडं लगेच तुडवावी लागतात म्हणून फेणीची भाटी बागेजवळ असते ना, तसंच हे. त्यात एक किलो चहासाठी साधारण साडेचार किलो ओली पानं लागतात. पानांतलं ते पाणी लांबवर कोण वाहील? म्हणून कारखाना मळ्याजवळ, त्याच्या आसपास दलाल, लिलाव, संशोधन केंद्र, यंत्रं दुरुस्त करणारे. एकदा असा गोतावळा जमला की तो हलत नाही, आणि त्या-त्या भागातलं कामही वेगळं पडतं.

म्हणून लेकीला 'चहात काय करणार?' हे आधी विचारा.

मळा आणि कारखाना सांभाळायचा असेल तर आसाम. देशातला निम्म्याहून अधिक चहा तिथला, बहुतेक सीटीसी, म्हणजे दाणेदार. केपे तालुक्यात सुळकर्ण्याला बीएससी ॲग्री करून जोरहाटच्या कृषी विद्यापीठात चहाचं एमएससी करता येतं. १९११ पासूनचं टोकलाई संशोधन केंद्रही जोरहाटलाच. राहणं मळ्यातल्या बंगल्यात, दिवस पहाटे सुरू. मळ्यांची घड्याळंसुद्धा आपल्यापेक्षा तासभर पुढे असतात, एवढं तिला आधीच सांगा.

चव आणि लिलाव हवा असेल तर गुवाहाटी, सिलीगुडी, कोलकाता किंवा दक्षिणेत कुन्नूर. इथं पदवीपेक्षा जीभ मोठी. अडीच-तीन ग्रॅम चहा पांढऱ्या झाकणाच्या कपात पाच मिनिटं मुरवायचा, भिजलेल्या पानांचा रंग आणि वास पाहायचा, मग चमच्याने आवाज करत ओढून थुंकायचा. सीटीसी बहुतेकदा दूध घालून तपासतात, दार्जिलिंग बिनदुधाचा; एका भागात तयार झालेली जीभ दुसरीकडे पुन्हा घडवावी लागते. दलाल कंपन्या नवशिक्यांना हाताखाली घेतात, पण हात बसायला वर्षं जातात. लिलाव नसलेल्या शहरात चार दिवसांत 'टी टेस्टर' करणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका. रोज शेकडो कप समोर आल्याशिवाय हे काम येत नाही.

सिलीगुडीच्या आसपास, तराई-डुआर्समध्ये, लहान शेतकऱ्यांकडून पानं विकत घेऊन चालणारे कारखाने खूप. पानांचा दर्जा तपासणं हे तिथलं खरं काम : नमुना घेऊन मऊ आणि जून पानं वेगळी करायची, वजन करायचं. दर त्यावर ठरतो, भांडणंही त्यावरच.

व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर पदवीनंतर बेंगळुरूची प्लँटेशन मॅनेजमेंट संस्था पाहा. तिथं कॉफी-रबरही शिकवतात, घरापासून जवळही. तिचं मन अजून ठरलं नसेल तर माझा कौल याच वाटेला.

फी भरण्याआधी तिला एकदा कारखाना दाखवा. मे महिन्यात मडगावहून रेल्वेने कोईमतूर, तिथून कुन्नूर. तिथं वर्षभर खुडणी असते. नाताळच्या सुट्टीत जोरहाटला मात्र जाऊ नका, तेव्हा छाटणी चालू असते आणि कारखाने थंड.