अपंग बाईने गावात गट उभा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की एका पायाने अपंग आहात, गावातल्या अपंग बायांचा गट करायचाय, पण ग्रामपंचायतीत कुणी दाद देत नाही. मी कळंब तालुक्यातली. लहानपणी पोलिओ झाला, कुबडी घेऊन चालते. माझ्या अनुभवावरून सांगते: गट नंतर, कागद आधी.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी वगैरेतले, 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मी विचारलं तर "बघू" म्हणाले. दोनदा बघून झालं. मग 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तीन वर्षांचा हिशेब मागितला. उत्तर आलं, खर्च निरंक. तो कागद दाखवल्यावर मला बसायला खुर्ची मिळाली.

मग बाया शोधल्या. मला तीन माहीत होत्या, घरोघर फिरले तर अकरा निघाल्या. ऐकू न येणारी एक सून तर दोन गल्ल्यांपलीकडेच होती, पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवायचे. सात जणींकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्रच नव्हतं. जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर एक रोज बुडतो, आणि रोज बुडवून लोक पोराला नेतात, बाईला नाही. "तिला कार्ड घेऊन काय करायचंय माय, तिला कुठं नोकरी लागणार हाय?" असं एका सासूनं मला तोंडावर सांगितलं. शेवटी वर्गणी काढून एका काळीपिवळीत सगळ्या धाराशिवला गेलो. आमचा गट झाला तो तिथल्या रांगेत. नाव, शिक्का, बँक खातं सगळं मागाहून.

पुढचं भांडण मात्र आपल्याच लोकांशी झालं. 5 टक्क्यांचे पैसे निघाले, फार नव्हते. गावातले अपंग पुरुष म्हणाले, रोख वाटून घेऊ. बाया म्हणाल्या, संडासात बसायला खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा पाहिजे. पुरुषांना हसू आलं. ज्या बाईला पहाटे दुसऱ्याच्या आधाराने रानात जावं लागतं तिला विचारा यात हसण्यासारखं काय आहे ते. अर्धे पैसे रोख गेले, अर्ध्यात चार घरी दांडे बसले. अपंगांच्या मोर्च्यातही तेच. बाया फोटोपुरत्या पुढे, निवेदन द्यायला आत जाणार पुरुष. शिवाय दिवसभर लघवीची सोय नसते, म्हणून मोर्च्याच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य द्या असं लिहिलंय. एवढं पाठ करून ठेवा, बाकी कलमं हळूहळू कळतील. (चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षं कैद आहे, हेही एकदा सहज बोलून दाखवा.)

आणि थेट मोठ्या ग्रामसभेत उभं राहू नका. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते. ती खरोखर घ्यायला लावा, तळमजल्यावर. आमची वरच्या मजल्यावर ठेवली तेव्हा मी पायरीवर बसून राहिले, रजिस्टर खाली आणावं लागलं. ठराव लिहिलेला वाचल्याशिवाय सही करू नका. मागणीचा अर्ज सभेच्या आठ दिवस आधी द्या, आणि पोच घ्या.