थंडीच्या आत घर पूर्ण करायचंय, पण पर्सनल लोन काढून?

निफाडच्या एका वाचकांनी विचारलंय: वडिलोपार्जित जागेत स्वतः उभं राहून घर बांधलं. स्लॅब, गिलावा, पाइपलाइन झाली. नोकरी ओझरला, तिथे ९,५०० रुपये भाड्याने राहतो. आई-वडील निफाडलाच जुन्या पत्र्याच्या घरात आहेत. गेल्या हिवाळ्यात वडिलांचा दमा फार बळावला, म्हणून थंडीच्या आत सगळ्यांनी नव्या घरात जायचंय. आतल्या कामाचं कोटेशन ७.४ लाखांचं आहे. गृहकर्ज २० लाख मंजूर, त्यातले १७ लाख उचलले. उरलेले ३ लाख फरशी आणि दारं बसल्यावर मिळतील. बचत खात्यात ८० हजार, मुदत ठेव साडेतीन लाखांची, दरमहा आठेक हजार शिल्लक पडते. बाकीसाठी ४ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतो. हप्ता ९,३०७ येतो, तो वाचलेल्या भाड्यातच बसतो. बरोबर ना?

नमस्कार. घाई का आहे ते कळलं, आणि ती रास्त आहे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण बहुतेक हिवाळ्यांत वाचतो. पत्र्याखाली दम्याच्या माणसाला ते सोसवणारं नाही. त्यामुळे 'पुढच्या वर्षी करा' असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या हिशेबात एक भोक आहे. बँक सध्या तुमच्याकडून फक्त उचललेल्या १७ लाखांवरचं व्याज घेते, साडेआठ टक्क्यांनी महिना साधारण १२,०४०. शेवटचे ३ लाख उचलले की वीस वर्षांचा पूर्ण हप्ता सुरू होईल, तो १७,३५६. म्हणजे भाड्याच्या ९,५०० मधले ५,३०० तिकडेच गेले. त्यावर पर्सनल लोनचे ९,३०७ आले की आजच्यापेक्षा महिन्याला पाच हजारांची तूट येते. आठ हजारांची शिल्लक तीन हजारांच्या आत येईल, तीही पाच वर्षं. वर सुमारे १.५८ लाख व्याज आणि प्रोसेसिंग फी वेगळी. पत्नीचे दागिने तारण ठेवायचंही तुम्ही विचारलंय. व्याज कमी पडेल खरं, पण तो शेवटचा दरवाजा आहे, तो टीव्ही युनिटसाठी उघडू नका.

आता कोटेशन पुढ्यात घ्या आणि त्याचे दोन भाग करा: राहण्यापुरतं आणि मिरवण्यापुरतं. तुम्ही पाठवलेल्या यादीत फरशी, दारं-खिडक्यांची तावदानं, वायरिंग आणि बोर्ड, ग्रॅनाइटचा ओटा, नळ-कमोड, गीझर, पुट्टी-रंग मिळून ४.१ लाख होतात. त्यातलं वरच्या मजल्याचं बाथरूम, ६० हजारांचं, आज कोणाला लागणार नाही. राहिले साडेतीन लाख. ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब, टीव्ही युनिट हे सव्वातीन लाखांच्या वरचं काम वडिलांची थंडी रेसभरही कमी करत नाही. थंडी अडवतात त्या नीट बसलेल्या खिडक्या. तिथे मात्र काटकसर नको.

साडेतीन लाखांपैकी ३ लाख तर गृहकर्जातले मंजूरच आहेत, आणि हा पैसा पर्सनल लोनपेक्षा बराच स्वस्त आहे. अडचण एवढीच की काम आधी आणि पैसे नंतर. तेवढ्या दीड-दोन महिन्यांसाठी मुदत ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचलायची सोय. साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणजे ३.१५ लाख, आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त. पूर्ण ३ लाख दोन महिने वापरले तरी चार हजारांच्या आसपास जातील, तिकडे ठेवीचं व्याज चालूच राहतं. फरशी-दारं झाली की बँकेचा इंजिनिअर बोलवा आणि गृहकर्जाचे ३ लाख खात्यात आले त्याच दिवशी ओव्हरड्राफ्ट फेडा. तो पैसा सुताराच्या हातात गेला की तुमची अडीअडचणीची ठेव गेलीच समजा. उरलेले ५० हजार बचतीतून.

बचतीतले ३० हजार उरतात, ते वास्तुशांतीचे. तिचा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही! धनुर्मास लागायच्या आत मुहूर्त काढायचा म्हणून नातेवाईक मागे लागतील, गावजेवणाचा विषय निघेल. घरच्यांपुरती करा. गाव पुढच्या वर्षी जेवेल.

रंगाची घाई तर पैशासाठीही नको आणि भिंतीसाठीही नको. तुमचा गिलावा पावसाळ्यात झालाय. ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की वर्षभरात पोपडे निघतात आणि तोच खर्च दुसऱ्यांदा होतो. कंत्राटदार 'दिवाळीच्या आत रंग' म्हणतोय, कारण त्याला बिल काढायचंय. रात्री भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. नुसत्या प्रायमरवर राहायला गेलात तरी काही बिघडत नाही. कंत्राटदाराने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे, ती देऊ नका. काम होईल तसं द्या, फरशी स्वतः विकत घ्या आणि एकाच बॅचची, पाच-सात टक्के जास्त घ्या. बिलं पक्की हवीत, बँक मागेल.

करांबद्दल थोडक्यात. जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट घर पूर्ण झाल्यावरच सुरू होते, बांधकामाच्या काळातलं व्याज पाच समान भागांत मिळतं. राहायला गेलात म्हणजे कागदोपत्री घर पूर्ण झालं असं नाही, तेव्हा काम संपताच पूर्णत्वाच्या दाखल्याचा अर्ज करा. नवीन प्रणालीत असाल तर राहत्या घराला ही वजावट नाही, आणि फर्निचरसाठी घेतलेल्या पर्सनल लोनला ती कुठेच नाही.

असं केलंत तर हप्ता वाढूनही महिन्याला बारा हजार मागे पडतील. पुढच्या दिवाळीपर्यंत १.४५ लाखांच्या घरात जातात, त्यात ट्रॉल्या रोखीने होतील. या आठवड्यात बँकेत जाऊन दोनच गोष्टी विचारा: शेवटच्या ३ लाखांसाठी नेमकं कोणतं काम पूर्ण दिसायला हवं, आणि इंजिनिअर अर्जानंतर किती दिवसांत येतो. उत्तर मिळालं की फरशीचा माल बुक करा.