दोन माईक लावले म्हणजे स्टिरिओ झाला का?

तुमचा प्रश्न असा: पंचवटीतल्या सप्ताहात महाराजांना एक कॉलर माईक लावला, दुसरा पखवाज आणि पेटीच्या मध्ये ठेवला, दोन्ही एकाच रेकॉर्डरमध्ये घेतले. फाइलवर ‘स्टिरिओ’ असं येतं, पण हेडफोन लावला की महाराज फक्त डाव्या कानात आणि पखवाज फक्त उजव्या कानात. मग याला स्टिरिओ म्हणायचं की दोन मोनो?

दोन मोनो, म्हणजे एकेका माईकचे दोन सुटे आवाज. फाइलला ते कळत नाही, एवढंच.

मी नाशिकमध्ये कीर्तनं, व्याख्यानं, गाण्याच्या बैठकी रेकॉर्ड करतो. ज्यांना हा फरक नीट कळलेला नाही त्यांचं चांगलं रेकॉर्डिंग पुढे मिक्स करताना बिघडलेलं मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फाइलचं बघू. साध्या वेव्ह फाइलमध्ये दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने (आवाजाच्या लाटेची मोजमापं) असतात. स्टिरिओ फाइलमध्ये ते डावा, उजवा, डावा, उजवा असे एकाआड एक लिहिलेले असतात, आणि सुरुवातीला ‘चॅनेल २’ एवढी नोंद असते. बस. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे की नाही, याचा त्यात कुठेही उल्लेख नसतो. डावीकडे कीर्तन आणि उजवीकडे रस्त्यावरची रहदारी टाकलीत तरी सॉफ्टवेअर त्याला स्टिरिओच म्हणेल. जागाही तेवढीच लागते: १६ बिटमध्ये तासाभराची मोनो फाइल साधारण ३१८ एमबीची, स्टिरिओ बरोबर दुप्पट. म्हणजे साठवणुकीच्या दृष्टीने प्रत्येक स्टिरिओ फाइल ही दोन मोनोच असते. उलटं मात्र खरं नाही.

खरा स्टिरिओ होण्यासाठी दोन्ही चॅनेलनी एकच प्रसंग ऐकलेला असावा लागतो, थोड्या वेगळ्या कोनातून किंवा थोड्या वेगळ्या जागेवरून. आपल्या कानांचंही तसंच आहे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, फक्त किंचित उशिरा आणि किंचित दबलेला. हा उशीर अगदी बाजूने आलेल्या आवाजालाही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असतो, साधारण ०.६५ मिलिसेकंद. जाड आवाजांची दिशा मेंदू मुख्यतः या उशिरावरून ओळखतो. बारीक आवाजांना, साधारण १,५०० हर्ट्झच्या वर, डोकंच आड येतं, तिथे दोन कानांतल्या आवाजाच्या लहान-मोठेपणावरून. तुमच्या फाइलमध्ये पखवाज डाव्या कानाला जवळजवळ मिळतच नाही. निसर्गात असं कधीच घडत नाही, म्हणून ते ऐकताना त्रास होतो. कीर्तन तासभर ऐकलं तर डोकं दुखायला लागतं.

रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला एखादा छोटा रेकॉर्डर घेऊन उभे राहा. ज्याच्या तोंडाशी दोन माईक एकमेकांवर ९० अंशात तिरपे बसवलेले असतात तसा, त्या रचनेला एक्स-वाय म्हणतात. घंटा डावीकडे वाजत असेल तर घरी येऊन ती जागा पडद्यावर मोठी करून बघा. घंटेची लाट दोन्ही चॅनेलमध्ये एकाच क्षणी वर जाते, एकाच क्षणी खाली येते, फक्त डावीकडची उंच आणि उजवीकडची बुटकी दिसते. आता तुमच्या कीर्तनाच्या फाइलमध्ये तेवढाच तुकडा उघडा. महाराज बोलतायत तेव्हा वरची लाट भरलेली, खालची जवळजवळ सपाट. पखवाजाची थाप पडली की उलट. दोन्ही चॅनेल आपापल्या वाटेने चाललेत.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर कानांनी तपासा. दोन्ही चॅनेल वेगळे करा, दोन्ही मध्यभागी आणा आणि ऐका, ही झाली बेरीज. मग एका चॅनेलवर ‘इन्व्हर्ट’ करून (म्हणजे लाट उलटी करून) पुन्हा ऐका, ही वजाबाकी. वजाबाकीत सगळंच गायब झालं तर दोन्हीकडे एकच मोनो होता, स्टिरिओ नावापुरता. बेरीज आणि वजाबाकी सारखीच ऐकू आली, तर ते एकमेकांशी संबंध नसलेले दोन मोनो. आणि वजाबाकीत मधला गायक पुसट होऊन बाजूची वाद्यं, सभागृहाची घुमक, टाळ्या तेवढ्या शिल्लक राहिल्या, तर तो स्टिरिओ.

ही बेरीज-वजाबाकी माझी युक्ती नाही, सगळी स्टिरिओची विद्याच तिच्यावर उभी आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने ईएमआयमध्ये असताना १९३१ साली स्टिरिओचा पेटंट अर्ज केला. एका जागी ठेवलेली माईकची जोडी आणि एकाच खाचेत दोन चॅनेल कोरायची कल्पना, दोन्ही त्यात आहेत. १९५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकड्यांत सुईची आडवी हालचाल म्हणजे बेरीज आणि वर-खाली हालचाल म्हणजे वजाबाकी. एफएम रेडिओतही तेच: मुख्य भागात बेरीज जाते, त्यामुळे साध्या मोनो रेडिओला पूर्ण कार्यक्रम मिळतो, आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर वेगळी पाठवतात. एमपी३ मधला ‘जॉइंट स्टिरिओ’ही हेच करून जागा वाचवतो. दोन्ही चॅनेल सारखे असतील तर वजाबाकी लहान, म्हणून बचत. तुमच्या फाइलमध्ये ती बचत जवळपास होणारच नाही.

आता दुरुस्ती. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ट्रॅकच्या मेन्यूत ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ आहे. त्याने दोन ट्रॅक सुटे होतात आणि दोन्ही मध्यभागी येतात. महाराजांना मध्येच राहू द्या, हलवू नका. पखवाज-पेटीचा ट्रॅक वीस-पंचवीस टक्के उजवीकडे सरकवा, त्याहून जास्त नको. मग आवाज जुळवा: अभंगाची ओळ आणि निरूपण स्पष्ट, पखवाज त्याच्या खाली.

हे करताना एक अडचण येईल. पखवाज थोडा महाराजांच्या माईकमध्येही शिरलेला असतो आणि तिथे तो उशिरा पोचतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन मीटर जास्त अंतराला जवळपास सहा मिलिसेकंद. वेगवेगळ्या कानांत होते तोवर हे जाणवलं नाही. एकत्र आले की काही स्वर एकमेकांना खातात आणि थाप पोकळ वाटते. उपाय साधा आहे: ज्याचा माईक त्याच्या जवळ. दोन माईकमधलं अंतर माईक आणि वाद्य यांच्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा. शिवाय महाराज गात-बोलत नसतील तिथे त्यांचा ट्रॅक खाली घ्या. पखवाजाला पुढेमागे दोन माईक लावायचा मोह झाला तर शाईच्या आणि कणकेच्या तोंडाचे आवाज डाव्या-उजव्या टोकांना फेकू नका, पखवाज मंडपाएवढा रुंद ऐकू येतो. दोन्ही जवळजवळ आणा आणि एकाचा फेज उलटा करून (वरच्यासारखंच ‘इन्व्हर्ट’) बघा. ज्यात धूम भरदार वाटेल ते ठेवा.

याहून वाईट दुखणं वेगळंच आहे आणि ते मंडळांच्या रेकॉर्डिंगमध्ये वारंवार भेटतं. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये सरळ वायर ओढलेली असते. जॅक दोन्हीकडे सारखाच दिसतो, तीन भागांचा, म्हणून बसतोही. पण मिक्सर त्या जॅकच्या टोकावर आवाज पाठवतो आणि मधल्या कड्यावर त्याच आवाजाची उलटी प्रत. समोरचं यंत्र टोकाला डावा समजतं, कड्याला उजवा. हेडफोनवर आवाज येतो, पण तो डोक्यात मध्ये बसत नाही, विचित्र पसरतो. आणि एकाच स्पीकरच्या मोबाईलवर लावलं की डावा अधिक उजवा म्हणजे शून्य. ‘व्हिडिओ दिसतोय, व्याख्यान ऐकू येत नाही’ असे फोन येतात ते यातूनच. सुदैवाने यात काही हरवलेलं नसतं: उजवा चॅनेल काढून टाका, डावा मोनो म्हणून ठेवा. पुढच्या वेळी स्टिरिओ इनपुटमध्ये जाताना फक्त टोक आणि ग्राउंड जोडलेली वायर बनवून घ्या.

मांडवात ऐकवतानाचा हिशोबही याच्याशी जोडलेला आहे. डाव्या बॉक्सपाशी (स्पीकरपाशी) बसलेल्या आजींना उजवा बॉक्स जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून कीर्तनाला, व्याख्यानाला दोन्ही बॉक्समध्ये मोनोच द्यावा. तिथे स्टिरिओचा हट्ट धरला तर अर्ध्या लोकांना अर्धंच कीर्तन मिळतं.

तुमच्या सप्ताहाला मात्र खरा स्टिरिओ शोभेल, कारण टाळकरी दोन्ही बाजूंना उभे असतात आणि ती रुंदी कॉलर माईकला कधीच मिळणार नाही. तो एक्स-वाय रेकॉर्डर महाराजांच्या समोर दोन-तीन मीटरवर, टाळकऱ्यांच्या डोक्याच्या थोडा वर, स्टँडवर लावा. मिक्समध्ये तो पूर्ण डावा-उजवा ठेवून तळाशी द्या आणि तुमचे दोन मोनो त्याच्यावर मध्ये बसवा. रेकॉर्डर लांब असल्यामुळे त्यात सगळं काही मिलिसेकंद उशिरा येईल. म्हणून सगळे माईक चालू झाले की महाराज उभे राहतात त्या जागेवर एक जोरात टाळी वाजवून घ्या. नंतर तिन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवता येतात.