ढोकरीला ‘वंचक’ का म्हणतात?

प्रश्न: आमच्या गावच्या तळ्यावर मातकट रंगाचा, आखडून बसणारा एक लहान बगळा बाराही महिने दिसतो. घरातील वडीलधारी मंडळी त्याला ढोकरी म्हणतात, पक्षी पाहायला येणारे लोक वंचक म्हणतात, आणि तो आंधळा असतो असेही काही जण सांगतात. वंचक म्हणजे फसवणारा. मग हा पक्षी फसवतो तरी कोणाला? शिवाय पावसाळ्यात याच तळ्यावर तांबड्या-जांभळ्या पाठीचे बगळे दिसतात, ते निराळे असतात का?
(एक वाचक)

उत्तर: ही दोन्ही नावे एकाच पक्ष्याची आहेत आणि पावसाळ्यातील तांबडी पाठही त्याचीच आहे. त्याला भुरा बगळा असेही म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत तो ‘आर्डिओला ग्रेयी’ या नावाने ओळखला जातो, आणि हे वर्णनही आपल्याच मुलुखाशी जोडलेले आहे: मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांच्या यादीत १८३२ साली त्याची नोंद केली आणि ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांचे नाव त्याला दिले.

‘वंचक’ या नावाचा संबंध बहुतेक जण बगळ्याच्या ढोंगीपणाशी लावतात. ती कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ‘बकवृत्ती’च्या माणसाचा नुसत्या शब्दांनीही सत्कार करू नये, असे मनुस्मृती सांगते. पंचतंत्रातील म्हातारा बगळा तळे आटणार अशी भीती घालून माशांना एकेक करून खडकावर नेऊन खातो आणि अखेर खेकड्याच्या नांगीत मान अडकून मरतो. मराठीतील बकध्यान आणि हिंदीतील बगुला भगत याच घराण्यातले. (महाभारतातील यक्षानेही युधिष्ठिराला प्रश्न विचारण्यापूर्वी बगळ्याचेच रूप घेतले होते, पण तेथे बगळ्याची प्रतिष्ठा राखली गेली आहे.) तथापि हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. पाण्यात निश्चल उभे राहून भक्ष्याची वाट पाहणे हा राखी बगळ्याचा, जांभळ्या बगळ्याचा आणि मोठ्या पांढऱ्या बगळ्याचाही नित्याचा उद्योग आहे. असे असता एकट्या ढोकरीच्याच कपाळी हे नाव का यावे?

माझ्या मते त्याचे उत्तर तिच्या पंखांत आहे. बसलेल्या ढोकरीची पाठ मातकट तपकिरी असते, मानेवर आणि छातीवर उभ्या तपकिरी रेघा असतात आणि मान खांद्यांत ओढून घेतलेली असते, त्यामुळे चिखल, वाळके गवत आणि भातखाचराचा बांध यांत ती इतकी मिसळून जाते की अगदी जवळ जाईपर्यंत तेथे पक्षी आहे हे कळतही नाही. तिचे पंख व शेपटी मात्र पांढरी शुभ्र असतात आणि पंख मिटलेले असताना तो पांढरा रंग झाकलेला राहतो. ती उडाली की मातीच्या ढेकळातून एकाएकी पांढरा पक्षी निघाल्याचा भास होतो, आणि थोड्या अंतरावर उतरून तिने पंख मिटले की त्या पांढऱ्या पक्ष्यावर नजर लावून बसलेल्या माणसाला पुन्हा काहीच दिसत नाही. भक्तीचे सोंग कोणत्याही बगळ्यावर लादता येईल, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांची अशी वंचना तळ्याकाठचा दुसरा बगळा करत नाही.

आंधळेपणाचा समजही याच सवयीतून आला आहे. आपण दिसत नाही या भरवशावर ढोकरी माणूस अगदी जवळ येईपर्यंत जागची हलत नाही, आणि त्यावरून तिला दिसतच नसावे असा तर्क लोकांनी केला. हा तर्क केवळ आपल्याकडचा नाही. हिंदीत तिला अंधा बगला म्हणतात, तर श्रीलंकेत सिंहली भाषेत काना कोका, म्हणजे अधू दृष्टीचा बगळा. वास्तविक बगळ्यांच्या डोळ्यांची ठेवण अशी असते की चोच समोर धरलेली असतानाही त्यांना चोचीखालचे पाणी दोन्ही डोळ्यांनी दिसते. मासे, बेडूक, खेकडे आणि पाणकिडे अचूक टिपणारा पक्षी अंधळा कसा असेल?

आता पावसाळ्यातील बगळ्यांविषयी. विणीच्या हंगामात ढोकरीच्या पाठीवर गडद तांबूस-जांभळी लांब पिसे येतात, डोक्यामागे पांढरट तुरा लोंबू लागतो, मान व छाती पिवळट बदामी होते आणि काही पक्ष्यांचे पाय लालसर होतात. नर आणि मादी दोघेही असेच नटतात, म्हणून रंगावरून त्यांच्यात भेद करता येत नाही. या काळात ढोकऱ्या चिंच, आंबा, वड अशा मोठ्या झाडांवर, पुष्कळदा भर वस्तीत आणि इतर बगळ्यांच्या सोबतीने, काटक्यांची घरटी बांधतात. हंगाम सरला की तो साज उतरतो आणि पक्षी पुन्हा मातकट होतो.

तुमच्या तळ्यावर रातढोकरी, म्हणजे रात्री वावरणारा निराळा बगळा, येत असेल तर मात्र थोडी सावधगिरी बाळगावी, कारण तिची न वयात आलेली पिल्लेही तपकिरी असतात व दुरून ढोकरीसारखी दिसतात. त्यांच्या पंखांवर पांढुरके ठिपके असतात आणि उडताना पंख तपकिरीच राहतात. ढोकरीचे पंख उडताक्षणी पांढरे दिसतात.