मनोऱ्याची गळती आणि अनुदानाचे अर्ज

प्रश्न : ताई, आम्ही अकरा वर्षांपासून इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो. आम्ही जातो ते चर्च चौदाव्या शतकातलं, संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी सूचीत ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत. रविवारी जेमतेम तीस माणसं असतात. गेल्या वर्षी आमचे खजिनदार आजोबा वारले. मी अकाउंट्सचं काम करते, म्हणून समितीने ती जबाबदारी मला दिली. दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीत आर्किटेक्टने १,८०,००० पौंडांचं काम सांगितलंय : मनोऱ्याच्या दगडांमधल्या दरजा, उत्तरेकडच्या छपरावरचं शिसं, पन्हळी. बँकेत १४,००० आहेत. एक ठेकेदार मनोऱ्याच्या दरजा ९,००० पौंडांत सिमेंटने भरून द्यायला तयार आहे आणि समितीतल्या बऱ्याच जणांना ते पटलंय. मी तीन संस्थांचे अर्ज डाउनलोड करून ठेवलेत, पण हात पुढे जात नाही. एवढी शतकं टिकलेली इमारत माझ्या काळात खचली तर? सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात त्या ठेकेदाराला नकार कळवून करा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीचं वाटलं ते हेच, १,८०,००० चा आकडा नव्हे.

जुन्या भिंतीचा दगड पाऊस पितो आणि दरजांमधल्या मऊ चुन्यातून ती ओल बाहेर टाकतो. दरजेत सिमेंट भरलं की ही वाट बंद होते. ओल दगडातच अडकते, कडाक्याच्या थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. मी या देशात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत बावीस वर्षं काढली. त्यातले पहिले तीन हिवाळे एका मनोऱ्यावरचं, कुणीतरी चांगल्या मनाने भरलेलं सिमेंट छिन्नीने काढण्यात गेले. सिमेंट निघालं, पण त्याच्यासोबत दगडाच्या कडाही गेल्या, आणि नवा दगड बसवण्याचा खर्च मूळ कामाच्या कितीतरी पट झाला. शिवाय समितीला हे काम परस्पर करता येणारही नाही. सूचीतल्या इमारतीसाठी एरवी स्थानिक प्रशासनाची जी संमती लागते, त्यातून चर्च ऑफ इंग्लंडला सूट आहे. पण त्याऐवजी धर्मप्रांताची स्वतःची परवानगीची पद्धत आहे आणि मोठ्या कामाला ‘फॅकल्टी’ म्हणजे तिची औपचारिक परवानगी घ्यावी लागते. धर्मप्रांताची सल्लागार समिती यात फुकट सल्ला देते. त्यांना आत्ताच फोन करा. अर्ज भरण्याआधी भेटणारी माणसं त्यांना आवडतात.

दुसरं काम पन्हळींचं. त्या साफ करायला परवानगी लागत नाही आणि तुमच्या १४,००० मधला अगदी छोटा हिस्सा पुरतो. एका चर्चमध्ये तुळईचं टोक इतकं कुजलेलं सापडलं होतं की बोट आत जायचं. कारण शोधलं तर पाइपात अडकलेलं एक मेलेलं कबुतर. किती वर्षं पाणी भिंतीवरून उतरत होतं कोण जाणे. पानगळ संपली की एकदा आणि वसंतात एकदा, असं वर्षातून दोनदा साफ करायचं ठरवून टाका आणि तारखा वहीत लिहा. ही वही पुढे अर्जात उपयोगी पडेल, कारण पैसे देणारा आधी हेच पाहतो : दिलेल्या पैशांतून झालेलं काम ही माणसं सांभाळतील का?

आता त्या मोठ्या आकड्याकडे वळू. अहवालात आर्किटेक्टने कामांची निकड नोंदवलेली असते : ताबडतोब, वर्षभरात, पाच वर्षांच्या आत. १,८०,००० हा या सगळ्याची बेरीज आहे. त्यांच्यासोबत तासभर बसून पाणी आत येऊ देणारी कामं वेगळी काढा. पहिला टप्पा बहुधा छपराचा निघेल. मनोऱ्यासाठी परांची बांधावी लागेल आणि तिचाच खर्च मोठा असतो, म्हणून मनोऱ्याची सगळी कामं एकाच परांचीत बसवा.

पैसे कुठून? नॅशनल चर्चेस ट्रस्ट ही संस्था फक्त प्रार्थनास्थळांसाठी काम करते, तिच्याकडे आधी जा. बहुतेक परगण्यांत ऐतिहासिक चर्चसाठी स्थानिक ट्रस्टही आहेत. त्यांची रक्कम लहान असते, पण त्यांचं नाव अर्जात आलं की इतरांचा विश्वास बसतो. यातल्या बऱ्याच ट्रस्टसाठी सप्टेंबरमध्ये माणसं चर्च ते चर्च सायकल चालवून देणग्या गोळा करतात, आणि जमलेल्या रकमेतली अर्धी स्वतःच्या चर्चला मिळते. तुमच्यातल्या तरुणांना यात उतरवा. नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड १०,००० पौंडांपासून पुढे देतो आणि २,५०,००० पर्यंतचा अर्ज एकाच फेरीत होतो, म्हणजे तुमचं संपूर्ण कामही त्यात बसतं. पण इमारत वाचवणं ही त्यांच्या चार कसोट्यांपैकी एकच आहे. पर्यावरण, सर्वांचा सहभाग आणि संस्थेची टिकण्याची ताकद, यांचीही उत्तरं द्यावी लागतात.

म्हणून अर्जात ‘आमचं चर्च फार जुनं आहे’ यावर दोन पानं खर्च करू नका. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६,००० चर्चपैकी १२,००० हून अधिक सूचीत आहेत, जुनेपणा सगळ्यांकडेच आहे. रविवारची तीस माणसं सोडून आत कोण येतं ते लिहा. लहान मुलांचा गट भरतो का? शाळा येते का? आपल्या पूर्वजांच्या कबरी शोधत कुणी येतं का? आठवडाभर दाराशी वही ठेवून मोजा. तुम्ही दुसऱ्या देशातून येऊन त्याच इमारतीच्या खजिनदार झालात, हेही लिहा. संकोच करू नका. ती इमारत आज कुणाची आहे, याचं ते खरं उत्तर आहे.

व्हॅटचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला कळेल, पण धक्का बसू नये म्हणून सांगते : दुरुस्तीवर २० टक्के लागतो. तो परत देणारी सरकारी योजना २००१ पासून होती. २०२५ मध्ये तिच्यावर दर चर्चला वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली, आणि तीही मार्च २०२६ पर्यंतच जाहीर झाली होती. या परताव्यावर अंदाजपत्रक उभं करू नका, पूर्ण व्हॅट धरूनच आकडा मांडा. जुन्या इमारती जपणाऱ्यांवर हा बोजा अन्यायाचा आहे असं मला मनापासून वाटतं. तुमच्या खासदारांना तसं पत्र जरूर लिहा. देणग्यांवर गिफ्ट एड, म्हणजे देणगीदाराने भरलेला कर सरकारकडून मिळवण्याची सोय, मात्र सोडू नका : करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मिळतात.

मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत काम सुरू करू नका. झालेल्या कामाला बहुतेक संस्था पैसे देत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका समितीने पावसाळी महिने टाळायचे म्हणून तीन आठवडे आधी परांची बांधली आणि कबूल झालेली रक्कम गमावली. छपरात वटवाघळं असतील तर तेही आत्ताच तपासून घ्या. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि पाहणीचे महिने ठरलेले असतात, ते चुकले तर वर्ष जातं.

ते तीन अर्ज तूर्त तसेच राहू द्या. पुढचा मोठा पाऊस आला की छत्री घेऊन चर्चभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून ओसंडतं आणि भिंतीवर कुठे पसरतं, त्याचे फोटो काढा आणि मागे तारीख लिहा. ते घेऊनच आर्किटेक्टकडे जा.