बग आला की आधी तो घडवून बघ

नवा बग रिपोर्ट, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची तक्रार, आला की लगेच कोड उघडू नकोस. आधी तो तुझ्या मशीनवर घडतो का ते बघ. नाही घडला तर आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेमक्या पायऱ्या विचारून घे. नुसत्या 'चालत नाही'वर कुणालाच काही करता येत नाही. मागच्या आवृत्तीत चालत होतं म्हणतायत? मग 'गिट बायसेक्ट' लाव, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची, बिघाड आणणारा बदल शोधायची आज्ञा. दर चाचणीला शोधायचे कमिट (नोंदवलेले बदल) निम्मे होतात, म्हणजे १००० कमिटमधला दोषी साधारण १० चाचण्यांत हाती लागतो. (हे शिकायला मी फारच उशीर केला.) तोच बग आधी नोंदवलेला असेल तर जुन्याची लिंक देऊन नवा बंद कर, पण आभाराची एक ओळ लिहून. समोरच्यानं वेळ काढलेला असतो. आणि सुरक्षेतली त्रुटी वाटली तर उघड चर्चा नको, मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) खासगीत कळव.